फोनच्या पाठीवरचे पाकीट

पाकीट म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर एक फुगलेली वस्तू येते. दहा-वीसच्या चुरगळलेल्या नोटा, रेशनकार्डाची झेरॉक्स, मुलांचे पासपोर्ट फोटो, औषधाच्या दुकानाची पावती, कुणाचा तरी नंबर लिहिलेली चिठ्ठी आणि एका कोपऱ्यात घडी घालून ठेवलेली दुआ. घरातल्या कर्त्या माणसाचा अर्धा संसार त्याच्या मागच्या खिशात असे. बायकांचा बटव्यात असे. त्याआधीच्या पिढीत तो पदराच्या गाठीला बांधलेला असे.

आता हे पाकीट झपाट्याने रोडावत चालले आहे. ज्यांना पाकीटच नको, ते नुसता फोन घेऊन फिरतात. ज्यांना अगदीच मोकळे फिरणे पटत नाही, त्यांच्यासाठी बाजारात फोनच्या पाठीला लोहचुंबकाने चिकटणारे छोटे पाकीट आले आहे. ॲपलने २०२० साली आयफोन १२ च्या पाठीत चुंबकांचे गोल कडे बसवले, त्याला मॅगसेफ असे नाव दिले आणि त्याच वेळी त्याला चिकटणारे चामड्याचे पाकीटही विकायला काढले. त्यात तीन कार्डे मावतात. आता अशी पाकिटे अनेक कंपन्या बनवतात. फोनमध्ये चुंबक नसेल तर चुंबकाचे कडे असलेले कव्हर घालायचे, की झाले काम.

गेल्या ईदला पुण्यात नोकरी करणाऱ्या आमच्या पुतण्याने अशी दोन पाकिटे आणली, आम्हा दोघांसाठी एकेक. आमचे फोन साधे, म्हणून कव्हरही आणले. तेव्हापासून आम्ही ती वापरतो आहोत. या काही महिन्यांत जे ध्यानात आले ते वाचकांपुढे ठेवावेसे वाटते, कारण ही गोष्ट पाकिटापुरती राहिलेली नाही.

सोय आहे, हे आधी मान्य करू. सकाळी घाईत 'पाकीट कुठे ठेवले' ही शोधाशोध संपली. खिसा हलका झाला. बसताना एका बाजूला उंचवटा लागत नाही. जुन्या पाकिटात वर्षानुवर्षे साठलेला कागदांचा कचरा निघाला. वाहन परवाना आणि गाडीचे कागद डिजिलॉकरमध्ये दाखवता येतात, त्यामुळे तेही बाळगायला लागत नाहीत. एटीएमचे एक कार्ड, शाळेचे ओळखपत्र आणि एखादे आणखी कार्ड एवढ्यावर दिवस निघतो.

चुंबकाने कार्ड खराब होते का, असे आम्हाला अनेकांनी विचारले. कार्डाच्या मागे जी काळी पट्टी असते तिच्यातली माहिती चुंबकीय असते, म्हणून ही शंका रास्त आहे. पण आपल्या बँकांची कार्डे आता चिपवर चालतात. जुनी निव्वळ पट्टीची कार्डे बदलून चिपची देण्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०१८ अखेरची मुदत दिली होती. चिपला अशा चुंबकाने काही होत नाही. हॉटेलच्या खोलीची चावी म्हणून जे कार्ड मिळते त्याची पट्टी मात्र कच्ची असते, ती पुसली जाऊ शकते. आणि फोन चुंबकाच्या चार्जरवर ठेवताना मध्ये पाकीट किंवा कार्ड राहू देऊ नये.

पण चुंबकाचा खरा धोका कार्डाला नाही. तो आमच्या घरातच समोर आला. अब्बांना हे पाकीट फार आवडले. ते आपला फोन शर्टाच्या डाव्या खिशात ठेवतात. पुतण्याने ते पाहिले आणि लगेच म्हणाला, "दादा, ये आप नको लगाओ."

अब्बा म्हणाले, "क्यूं रे, बुड्ढे कू शौक नै क्या?"

शौकाचा प्रश्न नव्हता. अब्बांच्या छातीत पेसमेकर आहे. जोरदार चुंबक अगदी जवळ आला तर पेसमेकर आपली नेहमीची, गरजेप्रमाणे बदलणारी पद्धत सोडून एका ठरावीक गतीने चालू लागतो. तपासणीच्या वेळी डॉक्टर याच गुणाचा उपयोग करतात. ज्यांच्या छातीत झटका देणारे यंत्र बसवलेले असते, त्यांच्या बाबतीत चुंबकामुळे झटका देण्याचे काम तेवढ्यापुरते थांबू शकते, आणि नेमकी तेव्हाच गरज पडली तर ते जिवावर बेतू शकते. चुंबक दूर झाला की यंत्र पूर्ववत होते. म्हणून अशा रुग्णांनी चुंबकाचा फोन आणि त्याचे सामान यंत्रापासून किमान सहा इंच, म्हणजे पंधरा सेंटिमीटर दूर ठेवावे, असे फोनची कंपनी स्वतःच सांगते. अमेरिकेच्या औषध प्रशासनानेही २०२१ मध्ये हेच अंतर सांगितले. आपल्याकडची वडीलधारी मंडळी फोन नेमका छातीवरच्या खिशात ठेवतात. घरात कुणाला असे यंत्र बसवलेले असेल तर हे पाकीट त्यांना भेट देऊ नका, आणि आपला फोन खिशात ठेवून त्यांना घट्ट मिठी मारतानाही भान ठेवा. अब्बांनी आपले जुने काळे पाकीटच ठेवले.

दुसरी गोष्ट सुरक्षिततेची. पूर्वी पाकीट मारले गेले तर फोनवरून घरी कळवता येत असे, आणि फोन हरवला तर पाकिटातल्या पैशांनी घरी येता येत असे. आता दोन्ही एकाच वेळी जातात. एसटीच्या गर्दीत घट्ट खिशातून फोन ओढून काढताना पाकीट सरकून मागे राहू शकते, ते वेगळेच. शिवाय कार्ड आणि त्या कार्डाचा ओटीपी जिथे येतो तो फोन, अशा दोन्ही किल्ल्या आपण एकाच दोरीत बांधतो. नुसते टेकवून चालणाऱ्या कार्डाला पाच हजार रुपयांपर्यंत पिन लागत नाही. रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२१ पासून ही मर्यादा दोन हजारांवरून वाढवली. ही सोय बँकेच्या ॲपमधून बंद करता येते, ती आम्ही बंद केली. कुलूप लावलेल्या फोनवर मेसेज दिसू नयेत अशी व्यवस्था केली. बँकेचा तक्रार क्रमांक आणि सायबर फसवणुकीचा १९३० हा क्रमांक घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवला. फोनमध्ये लिहून उपयोग काय? फोनच गेलेला असेल.

एवढे केले की पाकीट वापरायला हरकत नाही. पण खरा प्रश्न पुढेच आहे.

या पाकिटात नोट मावत नाही. कार्डाची रुंदी साधारण ५४ मिलिमीटर असते. आपली शंभराची, दोनशेची, पाचशेची नोट ६६ मिलिमीटर रुंद आहे. पाचशेची लांबी १५० मिलिमीटर. मधून एकदा दुमडली तरी ती बसत नाही. दोन्ही बाजूंनी दुमडून चार पदर केले तरच बसते, आणि तशा दोन-तीन नोटा घातल्या की कप्पा गच्च. नाण्यांना तर जागाच नाही. बनवणाऱ्यांनी रोख पैसा धरलेलाच नाही. त्यांच्या देशात ते खपत असेल. आपल्या मोहल्ल्यात मात्र रोख पैसा अजून काही माणसांच्या जगण्याला जोडलेला आहे.

आमच्या गल्लीत एक खाला आहेत. हातशेवया, पापड, रजया शिवणे अशी कामे करतात. रमजानच्या आधी त्यांच्याकडून आम्ही शेवया घेतो. या वेळी शेवया घ्यायला गेलो तेव्हा हातात फक्त फोन होता. साडेतीनशे रुपये द्यायचे होते. त्यांच्या मुलाचा क्यूआर दारावर चिकटवलेला होता, तिकडे फोन वळवला, तर खालांनी हात आडवा केला.

"फोन से नको बेटा. फोन का पैसा पोरे का होता. हात का पैसा मेरा."

आम्ही घरी आलो, डब्यातून नोटा काढल्या आणि नेऊन दिल्या. मुलगा वाईट नाही. पण मुलाच्या खात्यात पडलेले पैसे मागून घ्यावे लागतात, कशाला हवेत ते सांगावे लागते. नातीला बांगड्या घ्यायच्या, माहेरच्या लग्नात अहेर करायचा, चष्म्याची काडी बदलायची, यासाठी साठाव्या वर्षी मुलापुढे हात पसरायला त्यांना नको वाटते. आणि का वाटावे?

इस्लामने स्त्रीला मालकीचा हक्क दिला. तिचे मेहर तिचे, वारसाहक्काचा हिस्सा तिचा, तिने कमावलेले तिचे. तिच्या खुशीशिवाय त्याला नवराही हात लावू शकत नाही, मुलगाही नाही. हे आपण व्याख्यानांतून अभिमानाने सांगतो. पण व्यवहारात हा हक्क आता एका साध्या प्रश्नावर येऊन ठेपला आहे. खात्याला मोबाईल नंबर कुणाचा जोडला आहे? जनधन योजना २०१४ मध्ये सुरू झाल्यापासून कितीतरी बायकांच्या नावाने खाती निघाली. पण घरात स्मार्टफोन एकच, तो नवऱ्याच्या किंवा मुलाच्या हातात, आणि बँकेचा मेसेजही तिथेच. पदराच्या गाठीतले पैसे कुणी मोजत नव्हते. आता तिची प्रत्येक जमा दुसऱ्याच्या फोनवर 'टिंग' करून वाजते.

हीच गोष्ट मदतीची. गुपचूप दिलेल्या सदक्याचे मोल आपल्याला लहानपणापासून शिकवलेले आहे. घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये, हा त्यातला हेतू. मुसाफा करताना हळूच मुठीत दिलेली नोट दोघांतच राहत असे. फोनवरून पाठवले की देणाऱ्याचे नाव, तारीख, वेळ सगळे कायमचे नोंदले जाते आणि घेणाऱ्याच्या घरातल्या चार जणांना कळते. ज्याच्याकडे फोन नाही, तो तर आपल्या दानाच्या कक्षेतूनच बाहेर पडतो. जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीच्या पायऱ्यांवर बसलेल्या म्हाताऱ्यासमोरून हल्ली कितीतरी माणसे फोन दाखवत 'सुट्टे नै बाबा' म्हणत जातात. ते खोटे बोलत नाहीत. खरोखरच त्यांच्याजवळ काही नसते. पण त्या म्हाताऱ्याच्या हातात त्या दिवशी कमी पडते, हेही तितकेच खरे.

याचा अर्थ फोनने पैसे देणे वाईट असा मुळीच नाही. मशीद, मदरसा, वसतिगृह अशा संस्थांना फोनने देणेच चांगले. हिशेब राहतो, शंकाकुशंका उरत नाहीत. जकात काढतानाही वर्षभराची जमा-शिल्लक समोर दिसते, अडीच टक्के अचूक काढता येतात. फक्त घरातल्या डब्यातली आणि पाकिटातली रोकड त्यात धरायला विसरू नये. पण समोर माणूस असेल, आणि तो आपल्या हाताकडे पाहत असेल, तर हातात काहीतरी असले पाहिजे.

म्हणून आम्ही या पाकिटाचा तिसरा कप्पा ठरवून टाकला. दोन कप्प्यांत आमची कार्डे. तिसऱ्यात शंभराची एक आणि पन्नासाच्या दोन नोटा, चार पदरी घडी घालून. त्या आमच्या नाहीत असे धरायचे. किराणा कमी पडला, पेट्रोलला सुट्टे हवे झाले, तरी त्यांना हात लावायचा नाही. दर गुरुवारी मगरिबनंतर कप्पा पाहायचा, रिकामा असेल तर भरायचा. भरलेलाच निघाला तर आठवड्यात कुणाला काही दिले नाही, हे आपोआप कळते. आमची धाकटी मुलगी हे काम आवडीने करते. नोटेची घडी घालायला तीच बसते, त्यामुळे हे पैसे कुणाचे हे तिला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आणि कष्टाचे पैसे ज्या बायकांना द्यायचे, त्यांना आधी विचारायचे, फोनने हवेत की हातात? हे विचारायला दोन क्षण लागतात. खालांच्या बाबतीत पुढचे पाऊलही टाकले आहे. त्यांचा स्वतःचा साधा बटणांचा फोन आहे. त्यांच्याबरोबर बँकेत जाऊन खात्याला तोच नंबर जोडण्याचा अर्ज दिला. साध्या फोनवरूनही यूपीआय चालावे म्हणून २०२२ पासून १२३पे नावाची सोय आहे. ती शिकायला त्यांना वेळ लागेल, लागू द्या. पण निदान जमा झाल्याचा मेसेज त्यांच्या फोनवर येईल. तोवर नोटा हातातच.

वाचक भगिनी-बंधूंनो, हे पाकीट घ्या किंवा घेऊ नका, तो ज्याच्या त्याच्या सोयीचा भाग आहे. आपल्या घरातल्या आई, सासू, बहीण, सून यांच्या खात्याला कुणाचा नंबर जोडला आहे, हे मात्र आज रात्री जेवताना एकदा विचारा. आणि उद्या घराबाहेर पडताना फोन चार्ज आहे का हे पाहाल, तेव्हा एखादी नोट बरोबर आहे का तेही पाहा. अल्लाह आपल्या कमाईत बरकत देवो, आणि ज्यांचा तिच्यात हक्क आहे त्यांच्यापर्यंत ती आपल्या हातून पोहोचवो. आमीन.