मुकुट काढला, गोल बसवला

पनवेलच्या अभ्यासवर्गात मी मुलांना पोर्तुगालचा ध्वज मुद्दाम दाखवतो. इथून रात्री कोकणकन्या एक्सप्रेसने निघालं की सकाळी मडगाव. त्या गोव्यावर हाच हिरवा-लाल ध्वज डिसेंबर १९६१ पर्यंत फडकत होता.

१९१० साली पोर्तुगालने राजा हाकलला. १९११ च्या नव्या ध्वजावरून राजमुकुट गेला, पण ढालीमागे सोनेरी गोल आला. हे जुन्या दर्यावर्दींचं आकाश मोजण्याचं साधन आणि राजा मॅन्युएलचं चिन्ह. त्याच्याच काळात, १५१० साली, गोवा जिंकला गेला. म्हणजे घरात प्रजासत्ताक, गोव्यात साम्राज्य!

ढालीवरचे पाच-पाच ठिपके ख्रिस्ताच्या जखमांची खूण मानतात. त्याच ख्रिस्ताच्या नावाने गोव्यात धर्मांतरं झाली. बामण ख्रिस्ती झाला तरी बामणच राहिला, सुदीर सुदीरच. काही गावांत चर्चमधल्या मानाच्या मंडळांतही जात पाहून प्रवेश मिळे. देव बदलला, उतरंड तीच.

१४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी नागपुरात दीक्षेसोबत बावीस प्रतिज्ञा का दिल्या, याचं उत्तर इथे सापडतं. नुसता धर्म बदलून भागत नाही. समता आचरणात आणण्याचा शब्द द्यावा लागतो.

२२ जुलै १९४७ ला संविधान सभेने आपला तिरंगा स्वीकारला. चरख्याच्या जागी अशोकचक्र आलं. ध्वज समितीत बाबासाहेबही होते. चक्र आपलं आहे, याचा अभिमान जरूर बाळगा. पण पोटजात बघून सोयरीक जुळवणाऱ्या आपल्याच घरांना विचारा : हे चक्र फक्त कापडावरच फिरणार का?