शिरूर-दौंडचे मातीचे बांध

घोडनदीकाठचे शिरूर आणि भीमाकाठचे दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेचे तालुके पर्जन्यछायेत येतात. पाऊस थोडा, पण परतीचा पाऊस कोसळला, की कोरडे ओढे घटकाभरात दुथडी भरतात. या मुलखातून जाणाऱ्या प्रवाशाला ओढ्यांवर पाझर तलावांचे मातीचे बांध दिसतात. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात अशी कामे मोठ्या प्रमाणावर झाली. रिकाम्या हातांना मजुरी मिळाली आणि विहिरींना पाझर.

बांधाच्या पोटात चिकण काळ्या मातीचा गाभा, बाहेर मुरमाचे कवच, पाण्याच्या अंगास दगडी अस्तर आणि एका कडेला सांडवा. रिकामा तलाव पुराचा पहिला लोंढा अडवतो व खालच्या वस्तीला उसंत देतो. तो भरला, की सारी भिस्त सांडव्यावर! सांडव्यात गाळ साचला, झुडपे माजली, तर पाणी बांधाच्या माथ्यावर चढते आणि भराव कापून नेते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे मातीचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासला फुटले आणि पुण्याच्या पेठा बुडाल्या. एक बांध फुटला, की खालच्याची धडगत नसते.

वैशाखात सांडवा मोकळा करणे, खचलेला भराव दुरुस्त करणे यास खर्च थोडका येतो. शिरूर-दौंडच्या पेठा शेतमालावरच उभ्या आहेत. दुकान शाकारणाऱ्या व्यापाऱ्याने गावाच्या बांधाचीही एकदा विचारपूस करावी.