चाळिशीतून दिसलेली सिंधू

चाळीस या आकड्यावर मराठी भाषेने एक खोडी करून ठेवली आहे. चाळिशी म्हणजे ते वय, आणि चाळिशी म्हणजे त्या वयात नाकावर येऊन बसणारा चष्माही. दुसऱ्या कुठल्या वयाला असा मान नाही. साठीला 'बुद्धी नाठी' अशी शेपटी आहे खरी, पण ती निदान दुकानात जाऊन विकत घ्यावी लागत नाही.

माझी चाळिशी उशिरा आली. शेहेचाळिसावे लागले तेव्हा. त्याआधीची दोन वर्षे मी हात लांबवून काढली. पुस्तक डोळ्यांपासून जरा दूर धरायचे, मग आणखी जरा दूर. एके दिवशी वर्गात हातच संपला. तेव्हा पहिल्या बाकावरच्या मुलीने अत्यंत अदबीने विचारले, "मॅडम, पुस्तक मी धरू का?" त्या संध्याकाळी मी चष्म्याच्या दुकानात गेले. डोळ्यातले भिंग वयानुसार ताठर होत जाते, म्हणून जवळचे दिसेनासे होते, लांबचे मात्र ठीक दिसते, असे दुकानदाराने समजावून सांगितले. दीड नंबर. "आता वाढत जाणार," असेही तो हसत म्हणाला. काही माणसांना वाईट बातमी देताना फार आनंद होतो.

नव्या चष्म्यातून मी वर्गात वाचलेले पहिले पुस्तक म्हणजे 'एकच प्याला'. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेरला गेले, आणि महिन्याभराच्या आत गंधर्व नाटक मंडळीने हे नाटक बडोद्याला रंगभूमीवर आणले. बालगंधर्व सिंधू झाले. त्या सिंधूसाठी मराठी प्रेक्षक किती रडला याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. मी स्वतः २००२ साली शिवाजी विद्यापीठात एम. ए. करताना हे नाटक शिकले, तेव्हा शिकवणाऱ्या सरांनीच पाचव्या अंकाला रुमाल काढला होता आणि आम्ही मुली माना खाली घालून बसलो होतो. पुढे मी शिकवू लागले तेव्हा पहिली काही वर्षे वर्ग निदान गप्प तरी व्हायचा. आता तो चिडतो.

"मॅडम, भाऊ न्यायला आला होता ना? मग ही गेली का नाही?"

"दळण दळून संसार चालवते आणि हा पितो. हिने हाकलायचं ना त्याला."

"मरताना फौजदारासमोर खोटं कशाला बोलली? केस झाली असती."

मी पातिव्रत्याची तत्कालीन कल्पना, स्त्रीचे आर्थिक परावलंबन, शोकात्मिकेची गरज वगैरे सांगत राहिले. वर्गाने ते परीक्षेसाठी लिहून घेतले, पटले मात्र कुणाला नाही. एवढ्यात मागच्या बाकावरून तासगावकडचा एक मुलगा उठला. घरची द्राक्षबाग. एरवी तो तोंड उघडत नाही. म्हणाला, "मॅडम, आमच्या भावकीत सुपारीच्या खांडालासुद्धा न शिवणारे तिघं जण पस्तिशीला टेकलेत. बाग आहे, विहीर आहे, बंगला बांधलाय. पोरगी कुणी देईना. आणि या सुधाकरला सिंधू!"

वर्ग फुटला. मीही हसले. पण तो हसला नाही. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्नाळू तरुणांनी बाशिंगे बांधून, घोड्यांवर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला होता, त्याची छायाचित्रे पाहून आपण सगळेच हसलो होतो. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा १९९४चा कायदा नीट राबवा, अशी त्या वरातीची मागणी होती. मुली जन्मालाच आल्या नाहीत तर बोहल्यावर कुठून येतील, एवढाच साधा त्यांचा प्रश्न. आणि ज्या आल्या, त्यांना आता शेण काढायचे नाही. त्यांच्या आया ते काढताना त्यांनी पाहिलेले आहे.

मग मुलींनी आपल्या अटी सांगितल्या. ही चर्चा अभ्यासक्रमात नव्हती, पण मी ती थांबवली नाही. लग्न तिशीनंतर. आधी नोकरी. एक म्हणाली, सासूसासरे चालतील, पण वरच्या मजल्यावर. दुसरीची अट एकच होती : घरात दोन बाथरूम हवीत. व्हर्जिनिया वुल्फने १९२९ साली लिहिणाऱ्या बाईसाठी स्वतःची खोली मागितली. आमच्या तालुक्याच्या गावी शंभर वर्षांनी मागणी न्हाणीघरापर्यंत आली आहे, आणि मला विचाराल तर ती अधिक व्यवहारी आहे. रडायला खोलीपेक्षा न्हाणीघर बरे. नळ सोडता येतो.

एका बाबतीत मात्र मुलामुलींचे एकमत होते. जोडीदार हा आधी मित्र हवा. बेस्ट फ्रेंड. लग्न म्हणजे आयुष्यभराची मैत्री, असे एकाने फळ्यावर लिहिण्याच्या थाटात सांगितले. मला आमचा काळ आठवला. नवरा मित्र असावा हे आम्हालाही त्या वयात वाटे, पण ते आम्ही बोलत नव्हतो, कारण बोलून ते मिळेल असे वाटत नव्हते. ही मुले बोलतात, याचे मला कौतुक आहे. तरी एक शंका मी विचारलीच : "नवऱ्याची गाऱ्हाणी जिला सांगायची, त्याच जागेवर नवऱ्याला बसवलंत, तर मग सांगायचं कुणाला?"

यावर काही क्षण शांतता. मग पहिल्या बाकावरची, पुस्तक धरू का विचारणारी, म्हणाली, "मॅडम, सुधाकरला दोन मित्र आहेत. तळीराम बुडवतो आणि रामलाल वाचवायला बघतो. सिंधूला एकही मैत्रीण कशी नाही?"

"गीता आहे की," मी म्हणाले.

"गीता तळीरामाची बायको आहे, मॅडम. नवऱ्याच्या मित्राची बायको. सिंधूची स्वतःची कोण आहे?"

घंटा झाली. तेवीस वर्षांपूर्वी शिकलेल्या आणि सतरा वर्षे शिकवलेल्या नाटकाकडे मी या अंगाने एकदाही पाहिले नव्हते. सिंधूची नणंद आहे, भाऊ आहे, तान्हे मूल आहे. लग्नाआधी ती जिच्याशी हसून खेळून बोलली असेल अशी कुणी त्या पाच अंकांत येत नाही. प्राध्यापकीय सवयीने मी स्वतःला सांगितले की यावर एक शोधनिबंध होईल. तो अजून झालेला नाही. त्याऐवजी वेगळेच झाले.

त्याच आठवड्यात मुलाच्या अकरावीच्या प्रवेशासाठी जन्मदाखला हवा होता. कपाटातली फाईल उपसताना आमचे विवाह प्रमाणपत्र हाती लागले. चष्मा नाकावर होताच, म्हणून वाचले. आमचे लग्न २००६ साली कोल्हापुरात नोंदणी पद्धतीने झाले, १९५४च्या विशेष विवाह कायद्याखाली. या कायद्याला अक्षता लागत नाहीत, पण तीस दिवसांची नोटीस लागते आणि तीन साक्षीदार लागतात. दोन सह्या नवऱ्याच्या मित्रांच्या. तिसरी सही, ठसठशीत, शिरोरेघेसकट देवनागरीत, माझ्या मैत्रिणीची.

आम्ही दोघी एम. ए.ला एका बाकावर आणि वसतिगृहात एका खोलीत. संध्याकाळी केएमटीने रंकाळ्यावर जायचो आणि एका भेळेत दोघी. पुढे माझ्या लग्नाला घरून विरोध झाला, जातीचे कारण होते. नोटीस कार्यालयाच्या फलकावर महिनाभर लागलेली असते. कुणा नातेवाइकाने ती वाचली तर, या धास्तीने मी त्या रस्त्यानेही जात नसे. ती दर सोमवारी जाऊन बघून यायची आणि सांगायची, "कुणी हरकत घेतली नाही. मी घेऊ का?" लग्नाच्या दिवशी आई आली नाही. हार तिने आणले होते. पेढेही तिनेच. माझी साडी नोंदणी कार्यालयाच्या जिन्यात तिने नीट केली, कारण नेसवायला दुसरे कुणी नव्हते.

नवऱ्याचे ते दोन साक्षीदार मित्र आजही दर दिवाळीला फराळाला येतात. त्यांच्या बायका माझ्या मैत्रिणी आहेत, चांगल्या आहेत. त्यांच्याबरोबर सहली झाल्या, मुलांच्या मुंजी-वाढदिवस झाले. माझी साक्षीदार मात्र त्यात कुठे नाही. भांडण झाले असते तर निदान तारीख सांगता आली असती. तसे काहीच झाले नाही. आम्ही दांपत्यांमध्ये राहू लागलो, चारचाकीत चार माणसे बसतात, आणि तिने लग्न केले नव्हते. आम्ही 'संपर्कात' होतो, म्हणजे मोबाईलवर एकमेकींना वाढदिवसाला केकचे चित्र पाठवत होतो. शेवटची भेट २०११ सालची असावी, असा हिशेब लागला. चौदा वर्षे. म्हणजे मी सिंधू नाही हे नक्की. माझ्या नवऱ्याला चहासुद्धा दुसरा कप घेतला की झोप लागत नाही. पण त्या मुलीचा प्रश्न मला लागू होत होता.

फोन केला. मी बरेच काही पाठ करून ठेवले होते. ती म्हणाली, "काय गं, कुणी गेलं का?" या वयात अवेळी फोन आला की पहिली शंका तीच येते.

जुलैच्या एका रविवारी सांगलीहून एसटीने कोल्हापूरला गेले. ती रंकाळ्यावर आधीच येऊन बसली होती. केस पिकलेले, रंगवलेले नाहीत. ती एका छापखान्यासाठी मुद्रितशोधन करते, त्यामुळे तिची चाळिशी चाळिशीच्याही आधी आलेली. भेळ दोन सांगितल्या. एकीत आता भागत नाही असे नव्हे, पण तिला तिखट चालत नाही आणि मला शेंगदाणे.

मी वर्गातला प्रश्न तिला सांगितला आणि माझ्या मते अतिशय हृद्य अशा शब्दांत क्षमा मागितली. तिने ती संपादित केली. "विसरलीस असं म्हणू नकोस. वास्तुशांतीला बोलावलं होतंस मला. छापील पत्रिका होती."

"मग आली का नाहीस?"

"'सहकुटुंब सहपरिवार' असं छापलं होतं. जुनी माणसं बायकोला कुटुंब म्हणायची. मी कुटुंब कुठून आणू? आणि पाकिटावर तुझ्या अक्षरात माझ्या नावामागे 'सौ.' होतं."

मला हसू आले आणि मग आले नाही. शंभर पाकिटे एका बैठकीत लिहिताना हात वळणावर गेला होता, एवढेच. मुद्रितशोधकाने चूक धरली, आणि चौदा वर्षे ती समासात तशीच ठेवली. एरवी ती कधी मनाला लावून घेणारी नव्हती. पण त्या एका वर्षात तिचे दोन ठिकाणी दाखवून झाले होते, आई आजारी होती, हे मला त्या रविवारी कळले. तेव्हा विचारले असते तर तेव्हाही कळले असते.

पुढचे दोन तास आम्ही फारसे गंभीर काही बोललो नाही. माझ्या विद्यार्थिनींची दोन बाथरूमची अट तिला फार आवडली. तिच्या घरात एकच आहे, म्हणाली, पण रांग नसते. नवऱ्याविषयीची माझी काही साठलेली गाऱ्हाणी मी सांगून टाकली. तिने ती लक्षपूर्वक ऐकली आणि त्यातील दोन बाबतींत सरळ त्याची बाजू घेतली. तीच त्या लग्नाची साक्षीदार, तेव्हा तिला अधिकार होता. एकमेकींचे चष्मे लावून पाहिले. तिचा नंबर दोन.

एसटी पंचगंगेच्या पुलाच्या पुढे गेल्यावर तिकीट वाचायला गेले आणि लक्षात आले की नाकावर तिचाच चष्मा आहे. फोन लावला. तिकडून आवाज आला, "तुझ्या चष्म्यातून मला प्रुफात एकही चूक दिसत नाहीये. पुढच्या रविवारी मी येते सांगलीला. पत्रिका पाठवू नकोस."

सोमवारी पाचवा अंक तिच्याच चष्म्यातून शिकवला. अक्षरे जरा मोठी दिसत होती.