वसंत बापट यांची कविता आणि गोंधळाचा चौक

मंठ्यासारख्या गावी कविता प्रथम कानावर येते. पुस्तकात ती पुष्कळ उशिरा भेटते. जालना-जिंतूर रस्त्यावरच्या या गावात रेणुकादेवीचे ठाणे आहे आणि लग्नकार्यानंतर देवीचा गोंधळ घालण्याचा कुळाचार मराठवाड्यात रूढ आहे. धान्याचा चौक मांडला जातो, दिवटी पेटते, संबळ-तुणतुण्याच्या साथीवर देवदेवतांना आवाहन होते आणि मग नाईक आख्यान लावतो. साथीदार त्याला मध्येच अडवतो, शंका काढतो, थट्टा करतो आणि त्या अडवण्यातूनच कथा पुढे सरकते. हे ऐकत वाढलेला विद्यार्थी पदव्युत्तर वर्गात येतो तेव्हा आधुनिक कविता ही एकांतात, मनातल्या मनात वाचावयाची असते, हे त्याने न सांगताच गृहीत धरावे अशी अपेक्षा असते. वसंत बापट यांच्यासंबंधी मराठी समीक्षेची जी अडचण झाली तिचे मूळ या गृहीतात आहे.

विश्वनाथ वामन बापट यांचा जन्म १९२२ साली कऱ्हाडला झाला. १९४२ च्या आंदोलनात त्यांनी भाग घेतला व तुरुंगवासही भोगला. पुढे मुंबईत नॅशनल आणि रुईया या महाविद्यालयांत अध्यापन, मुंबई विद्यापीठात तौलनिक साहित्याचे टागोर प्राध्यापकपद, 'साधना'चे संपादन आणि १९९९ च्या मुंबई साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद असा हा प्रवास वाङ्मयकोशात सुखाने मावतो. कोशात मावत नाही ते राष्ट्र सेवा दलाचे कलापथक.

कलापथकासाठी बापटांनी गीते लिहिली, लोकनाट्ये रचली, ती बसविली आणि स्वतः रंगमंचावर उभे राहून सादरही केली. निळू फुले, राम नगरकर यांच्यासारखे नट याच चळवळीच्या पुण्याच्या पथकातून पुढे आले, ही गोष्ट नाट्येतिहासात सांगितली जाते. काव्येतिहासात तिची दखल नसते. 'महाराष्ट्र दर्शन', 'भारत दर्शन', 'शिवदर्शन' हे त्यांचे कार्यक्रम म्हणजे तळटीपांवाचून लिहिलेला सांस्कृतिक इतिहास होता. लोकगीतांची व लोकनृत्यांची निवड करणे, त्यांचा क्रम लावणे आणि निवेदनाने ती जोडणे ही इतिहासकाराचीच कामे होत. मंठा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते. अशा गावाला 'महाराष्ट्र' म्हणजे काय हे राजपत्रातून कळले असेल. तो ऐकू यावयाचा तर अशा गाण्यांतूनच.

परंतु निवड करणारा कुठे उभा आहे, हा प्रश्न उरतोच. रात्रभर चालणारा गोंधळ रंगमंचावर काही मिनिटांचा होतो. त्यातला नवस गळतो, यजमानाचे घर गळते आणि ज्याच्या गळ्यातून ते पद पिढ्यान्‌पिढ्या आले त्या गोंधळ्याचे नावही गळते. प्रेक्षकांच्या टाळ्या महाराष्ट्राला मिळतात. बापटांच्या निष्ठेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण दर्शन घडविण्याच्या या रीतीत जे अदृश्य होते त्याचा हिशेब मराठवाड्यातील अभ्यासकाने मांडला नाही, तर तो दुसरे कोण मांडणार?

कवितेकडे वळले असता, 'बिजली' (१९५२) मधील काही रचना केवळ आवेशावर उभ्या आहेत हे मान्य करावे लागते. 'सेतू' (१९५७) आणि 'अकरावी दिशा' (१९६२) पर्यंत येताना तो आवाज खाली येतो, अंतर्मुख होतो. तरीही सभेचा कवी हा शिक्का पुसला गेला नाही. विंदा करंदीकर व मंगेश पाडगावकर यांच्यासमवेत गावोगावी केलेल्या काव्यवाचनांनी तो, उलट, अधिक गडद केला. शालेय पाठामुळे सर्वपरिचित झालेली दख्खनच्या राणीवरील कविता घ्यावी. मूकवाचनात ती बालगीतासारखी भासते. मोठ्याने म्हटली की आगगाडीचा खुशीचा ठेका ऐकू येऊ लागतो आणि गाडीच्या आतील सुखवस्तू जग व बाहेरील कष्टांचे जग यांतले अंतर त्या ठेक्यामुळेच बोचू लागते. ताल एक सांगतो आणि शब्द त्याला अडवतात. नाईक आणि साथीदार यांची जोडीच येथे एका कवितेत वावरते आहे. मंठ्याच्या वर्गातील विद्यार्थ्याला हे समजावून सांगावे लागू नये. त्याच्या कानाला ते आधीच ठाऊक असते. समजावावे लागते ते एवढेच, की हे ठाऊक असणे हीदेखील वाङ्मयीन जाण आहे.

'तौलनिक साहित्याभ्यास' लिहिणाऱ्या बापटांना ही जाण होती. मात्र त्यांच्या लेखनाच्या अभ्यासात कवी, प्राध्यापक आणि कलापथकाचा नट अशी तीन खाती पडतात आणि तिसऱ्या खात्यात छापील मजकूर सर्वांत थोडा. उरतात त्या चाली, विराम, निवेदनातले उत्स्फूर्त बदल. १७ सप्टेंबर २००२ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्याच तारखेला, बापट गेले. त्यांच्यासोबत गायलेली पिढीही थकत चालली आहे. कलापथकाची पदे कशी म्हटली जात हे त्या पिढीकडून ऐकून नोंदविणे आणि मंठा-परतूर भागातील गोंधळ्यांची आख्याने त्यांच्या नावानिशी उतरवून घेणे ही दोन्ही कामे एकाच प्रबंधात बसू शकतात. आख्यानांचे काम आधी हाती घ्यावे; नवरात्र दरवर्षी येते, गोंधळी मात्र दरवर्षी येतातच असे नाही.