सांभाळायला दिलेली पिले

मोबाईलवर तुम्ही बाजारभाव पाहता. त्याच व्हॉट्सअ‍ॅपवर आमच्या तालुक्याच्या गावची काही मुले बेवारशी कुत्र्यांच्या पिलांसाठी घर मागतात. कायमचे नव्हे, दोन-अडीच महिन्यांपुरते. आपल्याकडे अर्धेलीने शेळी सांभाळायला देतात ना, तसेच. फक्त इथे वाटा मिळत नाही!

त्यांचा निवारा असताना घर कशाला, असे तुम्ही विचाराल. गर्दीत पार्व्हो पसरतो. उलट्या, रक्ताची हगवण, आणि उपचार न मिळाल्यास पिल्लू दोन-तीन दिवसांत जाते. हा विषाणू जमिनीत महिनोन् महिने टिकतो. पहिली लस ६ ते ८ आठवड्यांची झाल्यावर. पुढच्या मात्रा १६ आठवड्यांपर्यंत चालतात. तोवर पिले वेगळी राहिलेली बरी.

मुलांचा संदेश मात्र मला पटेना. रडवेला फोटो आणि "कोणी घेता का?" लोक हात जोडलेले चित्र टाकून मोकळे होतात. मी म्हटले, बियाण्याच्या पिशवीवर लिहितात तसे लिहा. वय काय, नर की मादी, किती दिवस, खाण्याचा व लसीचा खर्च कोणाचा, परत न्यायला कोण येणार. सांभाळणाऱ्याचा पत्ता तेवढा टाकू नका. नाहीतर रात्रीतून दारात आणखी चार पिले!

दुसऱ्याच दिवशी एका बाईंचा फोन आला. "साहेब, गोठ्यात जागा आहे, पण घरच्या कुत्र्याला लस नाही." आधी त्याला टोचून घेतले, काही आठवडे थांबलो, मग दोन पिले पोचवली. मुदत संपल्यावर गाडी गेली, तेव्हा बाईंनी एकच परत दिले.