चादरींचं बिल

6 फेब्रुवारी 2024, इचलकरंजी
सरकारी रुग्णालयात फोन केला. 'बिल लेखा शाखेत आहे.' नोव्हेंबरातही तिथंच होतं.

8 फेब्रुवारी
रिझर्व्ह बँकेने रेपो दर साडेसहावरच ठेवला. बातमी ऐकली आणि वही काढली. बँक रेट 6.75. लहान उद्योगाचे पैसे थकवले तर त्याच्या तिप्पट व्याज, म्हणजे 20.25 टक्के, दरमहा चक्रवाढीने. 2006चा कायदा आहे. माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त 45 दिवस. मुदत ठरलेली नसेल तर 15. खरेदीदार सरकारी असला तरी सुटका नाही.
चादरी ऑक्टोबरात पोचल्या. वॉर्डात अंथरल्याही.

10 फेब्रुवारी
शनिवार. शिलाईवाल्या बायकांना निम्मीच मजुरी देता आली. कुणी भांडलं नाही, त्याचाच जास्त त्रास होतो. मावशी म्हणाल्या, "ताई, सरकारचं पैसं बुडत न्हाईत. पर किराणावाला थांबत न्हाई."

13 फेब्रुवारी
गावभर आयकराच्या 43बी(एच) कलमाची चर्चा. लहान उत्पादकाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर तो खर्च यंदा आयकरात धरला जाणार नाही. कापड देणाऱ्या यंत्रमागवाल्याचा फोन आला: 31 मार्चच्या आत मोकळं करा. त्यांचं बरोबर आहे. त्यांनाही सूत रोखीनं घ्यावं लागतं. मी देणारच.
पण मला ज्यांच्याकडून यायचे, त्यांना हे कलम लागत नाही. सरकारी खातं आयकर भरत नाही.

20 फेब्रुवारी
जीएसटीचा दिवस. चादरींच्या बिलावरचा कर 20 नोव्हेंबरलाच भरलाय. पैसे हातात आले का, हे पोर्टल विचारत नाही. भरायला उशीर झाला की 18 टक्के व्याज मात्र लागतं.

22 फेब्रुवारी
सकाळच्या एसटीने रुग्णालयात. लेखा शाखेत माझ्याआधी ऑक्सिजनवाले, धुलाईवाले. मोठ्या बिलवाल्यांची माणसं रोज येऊन बसतात. मशिनी सोडून मी रोज कशी बसू?
बिलं पाहणाऱ्या भाऊसाहेबांनी फाईल काढून दाखवली. साठा नोंदवहीचं पान आहे, तपासणीचा दाखला आहे, मंजुरी आहे. त्रुटी एकही नाही. मग त्यांनी संगणक माझ्याकडे वळवला. बीम्सवर, म्हणजे सरकारच्या अनुदान वाटपाच्या प्रणालीवर, त्या लेखाशीर्षात रक्कम नाही. जे अनुदान उतरलं ते औषधांच्या जुन्या देण्यांत गेलं. रक्कम दिसल्याशिवाय बिल कोषागारात जातच नाही.
"मॅडम, मी अडवत नाही हो. पैसेच नाहीत."
मला ते पटलं. त्यांच्या टेबलावर अशा फायलींची चळत आहे आणि प्रत्येकाची बोलणी तेच खातात. पण पुरवठ्याचा आदेश काढताना कुणी हेच पाहिलं होतं का? आदेशाच्या दिवशीच तेवढी रक्कम बाजूला का काढून ठेवत नाहीत? परतीच्या गाडीत डोक्यात दुसरं काही नव्हतं.

27 फेब्रुवारी
राज्याचा अंतरिम अर्थसंकल्प. अजित पवारांचं भाषण मशिनी चालू असतानाच लावलं. सगळे आकडे कोटींचे.
कोणत्या खात्याची किती बिलं 45 दिवसांपलीकडे गेली, एवढा एकच तक्ता दर महिन्याला जाहीर व्हावा. विधिमंडळात कुणीतरी हे मागावं.

2 मार्च
मावशी दुसऱ्या कारखान्यात गेल्या. त्यांच्याइतकी सरळ पट्टी कुणाला शिवता येत नाही.

5 मार्च
रात्री लहान उद्योगांच्या थकबाकीच्या तक्रारींचं समाधान पोर्टल उघडलं. तक्रार परिषदेपुढे जाते. 90 दिवसांत निकाल द्यायचा असतो. खरेदीदाराला निकालाविरुद्ध कोर्टात जायचं तर आधी 75 टक्के रक्कम भरावी लागते. कायद्यात कसर नाही.
दीर म्हणाले, "वहिनी, पुढची ऑर्डर गेली म्हणून समजा."
फॉर्म बंद केला. झोप नाही.

16 मार्च
निवडणूक जाहीर. आचारसंहिता. जुन्या बिलांना तिची अडचण नाही म्हणे, पण सही करणारे साहेब निवडणुकीच्या कामाला गेलेत.

26 मार्च
भाऊसाहेबांचा आपणहून फोन. अनुदान आलं! रद्द केलेला चेक पुन्हा हवा, बिलाची नवी प्रत हवी. दुपारपर्यंत पोचवलं.

29 मार्च
गुड फ्रायडे. सुट्टी.

31 मार्च
रविवार. सरकारी व्यवहार करणाऱ्या बँका आज उघड्या ठेवायला रिझर्व्ह बँकेने सांगितलंय. कोषागारही चालू. रात्री पावणेअकराला भाऊसाहेबांचा फोन: "कोषागारात टोकन पडलं, मॅडम." आवाज बसलेला होता. सकाळपासून घरी गेले नव्हते. वर्षाचं अनुदान शेवटच्या आठवड्यात सोडायचं आणि या माणसांनी रात्री जागून ते वाटायचं. दर वर्षी हेच.

3 एप्रिल
पैसे खात्यात आले. दोन तृतीयांश. बाकी पुढच्या अनुदानातून. व्याजाचा उल्लेख नाही.
आधी मजुरी. मग यंत्रमागवाले. मावशींची बाकी घरी जाऊन दिली. नव्या कारखान्यात दर शनिवारी पूर्ण मजुरी मिळते. परत या असं म्हणवलं नाही.

12 एप्रिल
दुसऱ्या एका रुग्णालयाची निविदा. सहा महिने पैसे अडकतील असं धरून दर चढवला. धरावंच लागतं. इतरही तेच करणार. म्हणजे सरकार तीच चादर महाग घेतं. उशिराचं व्याज शेवटी तिजोरीतूनच जातं, फक्त व्याज म्हणून कुठल्या रकान्यात दिसत नाही. आणि ज्यांना एवढं थांबणं झेपत नाही ते निविदा भरतच नाहीत. चांगलं कापड काढणारे किती तरी जण आता सरकारी कामाचं नाव काढत नाहीत.

15 एप्रिल
समाधान पोर्टलवर अर्ज भरला. उरलेली रक्कम आणि सगळ्यावरचं व्याज. उद्यम क्रमांक, पुरवठा आदेश, चलन, नोंदवहीच्या पानाची प्रत जोडली.
त्याआधी भाऊसाहेबांना फोन केला. रोख त्यांच्यावर नाही, हे आधी सांगायला हवं होतं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "करा, मॅडम. तुमची नोटीस आली की तिचा हवाला देऊन मला वर लिहिता येईल, पैसे पाठवा म्हणून."