हिरवी कड

ध्वनी ‘सुधारणाऱ्या’ स्वस्त वस्तूंची एक निराळीच दुनिया आहे. कॉम्पॅक्ट डिस्कच्या कडेवर फिरवायचे हिरव्या शाईचे पेन, डिस्कच्या पाठीवर ठेवायची पातळ चटई, कडेभोवती बसवायचे रबरी कडे, डिस्कमधले ‘चुंबकत्व काढणारे’ यंत्र, प्लेअरखाली ठेवायचे पितळी शंकू. यांतल्या बहुतेक वस्तूंसाठी कर्ज काढावे लागत नाही. डिस्क रात्रभर बर्फाच्या कप्प्यात ठेवावी, हा उपाय तर फुकटचाच. 1982 साली जपानमध्ये पहिल्या सीडी विक्रीला आल्या, तेव्हा हा आवाज निर्दोष आहे आणि तो कायम तसाच राहील, असे निर्मात्यांनी जगाला सांगितले होते. पुढची दहा वर्षे सरण्याच्या आत अमेरिकेतले हौशी श्रोते हातात हिरवे पेन घेऊन त्या निर्दोषपणात सुधारणा करू लागले.

माझ्या मामांकडे यांतल्या बऱ्याच वस्तू होत्या. मामा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, राहणार सांगलीचे. चारशेच्या आसपास सीडी, त्याही घराण्यांनुसार लावलेल्या. श्रीमंत शौकीन मोठमोठे स्पीकर घेतात. मामांचा पिंड नोकरदाराचा. दीड-दोनशे रुपयांची सुधारणा त्यांना परवडे, आणि परवडे म्हणूनच बहुधा पटेही. प्रत्येक डिस्कची कड त्यांनी निगुतीने हिरवी केली होती. मी गेलो की एखादी लावत आणि विचारत, “कळतोय का रे फरक?”

मी पदार्थविज्ञान शिकवतो. त्यामुळे या प्रश्नाला माझ्याकडे दोन उत्तरे असत, एक भाच्याचे आणि एक शिक्षकाचे. बराच काळ मी “छान वाटतंय” एवढेच म्हणत असे. ते खोटे नव्हते, कारण गाणे छानच असे.

मामांची ही सवय आली कोठून, हे मात्र मला समजत होते. ती कॅसेटच्या काळातून आली होती. कॅसेटचे हेड स्पिरिटच्या बोळ्याने पुसले की मळलेला आवाज खरोखर उजळे. हेडला साचलेले चुंबकत्व काढले की खरखर कमी होई. हेडशेजारचा बारीक स्क्रू अर्धा वळसा फिरवला तर गायकाच्या आवाजावरची चादर कोणीतरी ओढून घेतल्यासारखे वाटे. ग्रामोफोनच्या तबकडीवरही सुईचे वजन, धूळ, तबकडीचा बाक या साऱ्यांचा हिशेब आवाजात उमटे. तेथे ध्वनीचा आकारच वस्तूवर कोरलेला असतो. वस्तूला जे होते ते ध्वनीला होते. दोन पिढ्यांनी हा धडा कानांनी गिरवला होता, आणि सीडी हीदेखील दिसायला तबकडीच होती.

सीडीवर मात्र ध्वनी नसतो, संख्या असतात. दर सेकंदाला 44,100 वेळा ध्वनीचे माप घेतलेले असते, डाव्या आणि उजव्या बाजूचे वेगवेगळे. प्रत्येक माप सोळा बिटांचे. सूक्ष्म खळगे आणि त्यांच्यामधली सपाट जागा यांच्या भाषेत ही मापे लिहिलेली असतात. आतून बाहेर जाणारी ही एकच सर्पिल रेघ उलगडली तर सुमारे पाच किलोमीटर भरेल. एवढे बारीक अक्षर वाचताना चुका होणार, हे ते लिहिणाऱ्यांनीच गृहीत धरले होते. म्हणून रीड आणि सॉलोमन या दोन गणितज्ञांनी 1960 साली मांडलेली एक पद्धत त्यांनी वापरली. तिच्यात माहितीसोबत जादा संख्या अशा गुंफलेल्या असतात की काही भाग वाचता आला नाही तरी उरलेल्यावरून तो तंतोतंत परत मिळवता येतो. भाजीवाल्याच्या हातगाडीवरचा क्यूआर कोड एका कोपऱ्यात फाटलेला, तेलकट झालेला असूनही मोबाइल तो वाचतो आणि पैसे बिनचूक पोचतात. तेथेही हेच गणित राबत असते. सीडीवरच्या रेघेचा सुमारे अडीच मिलिमीटर लांबीचा सलग तुकडा नाहीसा झाला तरी मूळ संख्या जशाच्या तशा हाती येतात.

येथे एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. ही व्यवस्था कोलमडते तेव्हा आवाज ‘थोडा कमी गोड’ होत नाही. दुरुस्तीपलीकडची चूक आली तर प्लेअर शेजारच्या मापांवरून अंदाज बांधतो, आणि तेही जमले नाही तर टक् असा आवाज येतो, गाणे अडखळते, उडी मारते. तानेतला रेशमीपणा, तार षड्जाभोवतीचे वलय असले काही नेमके निवडून कमी करण्याची कला ओरखड्याला अवगत नाही. डिस्क थरथरली, तिचा वेग किंचित बदलला तरी वाचलेल्या संख्या आधी स्मृतीत साठतात आणि क्वार्ट्झच्या ठोक्यावर बाहेर पडतात. ज्या चटया आणि कडी डिस्कला ‘स्थिर’ करतात, त्यांचे काम तेथेच संपते. चुंबकत्वाचे म्हणावे तर डिस्क पॉलिकार्बोनेटची आणि तिच्यावरचा चकचकीत थर बहुधा ॲल्युमिनियमचा. लोखंडासारखे चुंबकत्व धरून ठेवणारे त्यात काहीच नाही. हिरव्या पेनामागे मात्र निदान एक कल्पना होती. लेसरचा भरकटलेला प्रकाश कडेवर आपटून परत येतो, आणि हिरवा रंग तांबडा प्रकाश शोषतो, अशी ती कल्पना. परंतु सीडी वाचणारा किरण 780 नॅनोमीटरचा, म्हणजे अवरक्त असतो. आपल्या डोळ्यांना हिरवी दिसणारी शाई त्या किरणाचे काय करील हे तिच्या हिरवेपणावरून ठरत नाही. आणि समजा, थोडा प्रकाश परत आलाच, तरी संख्या बरोबर वाचली गेली की तिच्यात आणखी बरोबर होण्याजोगे काही उरत नाही.

स्वस्त वस्तूने आवाज बदलतच नाही, असे म्हणायचा मात्र मला अधिकार नाही. निदान सांगलीत बसून तरी नाही. शेजारी मिरज आहे. तेथे तंबोरे घडवणारे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या काम करीत आहेत. तंबोऱ्याची तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती धाग्याचा तुकडा सरकवतात. त्याची किंमत काढायची झाली तर पैशातही निघणार नाही. तो धागा केसभर पुढे-मागे केला की मुकी तार एकदम बोलू लागते, तिच्या पोटातले स्वर वर येतात. डोळे बांधलेल्या माणसालाही धागा जागेवर आहे की नाही हे सांगता येते, दहाच्या दहा वेळा. हिरवे पेनही याच परीक्षेला बसले पाहिजे, एवढेच माझे म्हणणे होते.

ते म्हणणे मी कधी बोलून दाखवले नाही. एके दिवशी मामाच म्हणाले, “तुझ्या चेहऱ्यावर दिसतं रे. चल, घे माझी परीक्षा.” त्यांच्याकडे अब्दुल करीम खाँ यांच्या जुन्या ध्वनिमुद्रणांची सीडी होती. तीच सीडी त्यांना निवृत्तीच्या वेळी भेटही मिळाली होती. एकीची कड हिरवी केलेली, दुसरीची कोरी. मामा भिंतीकडे तोंड करून बसले. मी नाणे उडवायचे, छाप पडला तर हिरवी, काटा पडला तर कोरी. आवाजाच्या बटणाला हात लावायचा नाही, कारण आवाज किंचित मोठा झाला की तो अधिक चांगला वाटतो. मी बारा वेळा डिस्क लावली. मामांनी सात वेळा बरोबर ओळखले. बारा वेळा उडवलेल्या नाण्याचे सात छाप पडणे ही काही नवलाची गोष्ट नाही. मला त्या आकड्यापेक्षा मधले एक वळण अधिक लक्षात राहिले. नाण्याने लागोपाठ तीन वेळा कोरीच डिस्क दिली. दुसऱ्या खेपेस मामा पुढे झुकले आणि म्हणाले, “ही बघ, ही मोकळी आहे. वरचा सा कसा सुटलाय!”

ते खोटे बोलत नव्हते. 1903 साली फ्रान्समध्ये ब्लाँडलो नावाच्या नामवंत भौतिकशास्त्रज्ञाला एक नवा किरण ‘दिसला’ आणि पाठोपाठ इतर अनेकांना दिसला. पुढच्या वर्षी वूड नावाच्या अमेरिकन पाहुण्याने अंधारात उपकरणातला लोलक गुपचूप काढून घेतला, तरी किरण दिसतच राहिला. तीही माणसे लबाड नव्हती. फरक शोधायला बसलेले मन फरक घडवते, आणि घडवलेला फरक खऱ्यासारखाच ऐकू येतो. मामांना त्या क्षणी सा खरोखर मोकळा ऐकू आला होता. फक्त त्याचे कारण डिस्कवर नव्हते.

मी आकडे लिहिलेला कागद त्यांच्या हाती दिला. त्यांनी तो हिशेबनिसाच्या नजरेने दोनदा पाहिला. बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, “म्हणजे सीडीत काही नाही. मग कानात असेल.”

एवढी वर्षे ते काय दुरुस्त करीत होते हे मला त्या वाक्याने कळले. वरचे स्वर पूर्वीसारखे चमकत नाहीत, ही त्यांची तक्रार अगदी खरी होती. वयाबरोबर उंच कंप्रतेचे ऐकणे आधी जाते. बहात्तराव्या वर्षी ते गेलेले असणे यात विशेष काही नाही. पण संशय यंत्रावर घेता येतो, डिस्कवर घेता येतो, आणि दोनशे रुपयांत त्यावर उपायही करता येतो. स्वतःच्या कानावर संशय घेणे फार महाग पडते. या वस्तू विकणारा हे जाणून विकत असेल किंवा नसेल, पण त्याचा धंदा याच अडचणीवर चालतो, असे माझे मत आहे. मामांचे पैसे फार गेले नाहीत. त्यांची वर्षे गेली. त्यातली काही वर्षे उपाय लवकर झाला असता तर ऐकण्याची ठरली असती.

श्रवणचाचणीच्या आलेखावर दोन्ही कानांची रेघ उजवीकडे उतारासारखी घसरलेली निघाली. श्रवणयंत्रे घेतली. ती स्वस्त नव्हती, आणि सुरुवातीला गाणे त्यांतून पत्र्यावर पडणाऱ्या पावसासारखे वाजे, कारण अशी यंत्रे मुख्यतः बोलणे समजावे म्हणून जुळवलेली असतात. दोन-तीन खेपा घालून मामांनी संगीतासाठी वेगळी जुळणी करून घेतली. पहिल्या आठवड्यात त्यांना तंबोऱ्यापेक्षा भिंतीवरच्या घड्याळाचीच टिकटिक अधिक ऐकू येत होती, आणि मामी सांगत होत्या की ते घड्याळ तेथे वीस वर्षे आहे.

स्वस्त वस्तूंपैकी दोन-तीन मामांनी ठेवल्या आहेत. एक मऊ सुती फडके. त्याने ते डिस्क मध्यापासून कडेकडे सरळ पुसतात, गोल फिरवून नाही, कारण गोल ओरखडा रेघेच्या दिशेने जातो आणि लागोपाठच्या संख्या गिळतो. आडव्या ओरखड्याची भरपाई गणित सहज करते. दुसरी वस्तू म्हणजे जाड चादर. समोरच्या उघड्या भिंतीवर ती टांगल्यापासून खोलीतला घुमारा कमी झाला आहे, आणि हा फरक डोळे मिटूनही कळतो. तिसऱ्या उपायाला पैसे पडत नाहीत. मंद्र सप्तकातली आलापी सुरू होणार असली की मामा उठतात आणि छताचा पंखा बंद करतात. मे महिन्यात सांगलीत हे किती अवघड आहे, ते तेथे राहिलेल्यांना सांगायला नको. पहिल्या पाच मिनिटांत सदरा पाठीला चिकटतो. मामी आतून विचारतात, “अहो, लावू का पंखा?” आणि मामा हातानेच थांब म्हणतात.